भाची म्हणते मुंब्र्यात समुपदेशक होणार. हे करिअर आहे की समाजसेवा?

निशिगंधा_ठाणे

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझी भाची यंदा मानसशास्त्रात एम.ए. झाली. डोंबिवलीची, हुशार पोरगी. आम्ही धरून चाललो होतो की एखाद्या शाळेत समुपदेशक म्हणून लागेल, नाहीतर कंपनीत एचआरला. तर बाईसाहेबांनी परवा जेवताना जाहीर केलं की तिला मुंब्र्यात काम करायचंय, मुस्लिम बायका-मुलींसोबत, आणि पुढे जमलं तर पारध्यांच्या वस्त्यांवर. बहीण हवालदिल झालीय. मेहुण्यांचा एकच प्रश्न, "फी कोण देणार?" आजी म्हणाली, "आपली मुलगी तिथं जाऊन काय सांगणार, त्यांचं त्यांना ठाऊक."

तर जाणकारांनो, या कामावर पोट भरतं का? कुठलं शिक्षण लागतं? आणि आजीचा मुद्दा खरा आहे का, म्हणजे हे काम त्या-त्या समाजातल्याच माणसानं करायचं असतं का? राजकारण नको प्लीज, नाहीतर धाग्याला कुलूप लागेल.

खडूस_आजोबा

मनाच्या दुखण्याला जात-धर्म कधीपासून लागला? मलेरियाला आपण अल्पसंख्याक मलेरिया म्हणतो का? डिप्रेशन म्हणजे डिप्रेशन. गोळी तीच, डॉक्टर तोच. उगाच प्रत्येक गोष्टीत गट पाडायची फॅशन झालीय.

भाचीला सांगा, आधी चार वर्षं नोकरी कर, मग जग सुधार.

गिरीश_५२

आजोबांना +१

दापोलीची_रझिया

निशिगंधाताई, हा धागा मला एका मैत्रिणीनं पाठवला. मी मुंब्र्यात समुपदेशक आहे. माहेर दापोलीजवळ, घरी कोकणी-मराठी बोलतो आम्ही. २००९ मध्ये सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, कंत्राटी समुपदेशक म्हणून लागले. पगार चार आकडी. पुढे मुंब्र्यातच कौशात एका संस्थेत आले ती आजतागायत.

आजोबा, तुमच्या मलेरियाच्या प्रश्नाला माझ्याच एका फजितीनं उत्तर देते. (तपशील बदललेत, ओळख पटणार नाही.)

एक मुलगा होता, मूळ श्रीवर्धनकडचा, पुण्यात आयटीत. झोप उडालेली, छातीत धडधड, ईसीजी दोनदा काढला तर नॉर्मल. ईदला बहिणीकडे आला तेव्हा ती त्याला माझ्याकडे घेऊन आली. म्हणाला, "मला पुण्यात कुणी घर देणार नाही." आता मी शिकलेली विवेकनिष्ठ पद्धत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवलेली. त्यात माणसाच्या टोकाच्या विचाराला आव्हान द्यायचं असतं. मी अगदी पाठ केल्यासारखं विचारलं, "याला पुरावा काय?"

त्यानं मोबाईल काढून माझ्यापुढे ठेवला. अकरा दलालांचे मेसेज. सगळ्यांची सुरुवात छान. "आयटी आहे ना, चालेल." "टोकन कधी देता?" मग नाव विचारलेलं. त्यानंतर अकराच्या अकरा घरमालक बाहेरगावी गेलेले. मला हसूच आलं, तोही हसला, आणि हसता हसता रडायला लागला. डोळे पुसून म्हणाला, "मॅडम, माझा पुरावा हा. आता देतील म्हणून तुमचा पुरावा दाखवा."

माझ्याकडे नव्हता.

मलेरियाचा डास घर नाकारत नाही हो आजोबा. त्या मुलाची धडधड त्याच्या डोक्यातून निघत नव्हती, बाहेरून येत होती. त्याला मी नुसतं "विचार बदल" म्हणत राहिले असते, तर बाराव्या दलालाचं काम मीच केलं असतं.

मनोज_विवेकी

रझियाताई, प्रसंग अंगावर आला. पण एलिसवर अन्याय नको. परिस्थिती वाईट आहे हे एलिस कधीच नाकारत नाही. "मला घर नाकारलं जातंय" ही वस्तुस्थिती. "म्हणजे मी कवडीमोलाचा" हा अविवेक. आव्हान दुसऱ्या वाक्याला द्यायचं, तुम्ही ते पहिल्याला दिलंत.

दापोलीची_रझिया

मनोजदादा, शंभर टक्के मान्य. चूक एलिसची नाही, माझी. पण ती का झाली ते बघा. प्रशिक्षणात आम्हाला उदाहरणं कुठली दिली? परीक्षेत मार्क कमी पडले, सासू बोलली, साहेब ओरडला. नाव सांगितल्यावर घर गेलं, असं एकही उदाहरण वर्षभरात आलं नाही. आमच्या वर्गात चाळीस जणींत मी एकटी मुसलमान होते, आणि मीही ते उदाहरण दिलं नाही. का दिलं नाही, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

पुढे काय केलं ते सांगते. दोन-तीन भेटींत त्या "कवडीमोला"वर काम केलंच, तुम्ही म्हणता तसंच. पण जोडीला कोंढव्यातल्या, म्हणजे पुण्यातल्या मुस्लिमबहुल भागातल्या, एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. घर मिळालं. ऑफिसपासून लांब, पण मिळालं.

खडूस_आजोबा

म्हणजे कोंढव्यातच. वर्तुळ पूर्ण. आणि घर शोधून देणं हे दलालाचं काम, समुपदेशकाचं नव्हे. उद्या तो म्हणेल नोकरी बघा, परवा म्हणेल स्थळ बघा. तुमच्यावर अवलंबून राहायला लागला तर बरा कधी होणार?

दापोलीची_रझिया

"म्हणजे कोंढव्यातच" हे तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत, पण माझी रात्रीची झोप त्याच वाक्यानं गेली होती. मी त्याला घर मिळवून दिलं की त्याला त्याची जागा दाखवून दिली? अजून ठरलेलं नाही.

अवलंबून राहण्याचा मुद्दा बरोबर आहे. म्हणून माझा एक नियम आहे: फोन मी लावून देईन, पण बोलणार समोरचा माणूस. त्या दिवशी मी तो मोडला.

माळावरचा

मी फासेपारधी आहे. इथं पहिल्यांदा हे लिहितोय, आधी फक्त क्रिकेटच्या धाग्यांवर असायचो.

आश्रमशाळेत असताना कुणाचा पेन जरी हरवला तरी पहिली झडती आमच्या पेटीची. सातवीत असताना मी स्वतःच पेटी उघडून ठेवायला लागलो, म्हणजे कुणी सांगायला नको. ती सवय कॉलेजात होस्टेलवर पण गेली नाही. रूममेटचं घड्याळ सापडेना तर मला घाम फुटला, हात थरथरायला लागले. घड्याळ त्याच्याच बुटात होतं.

कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे गेलो. चांगल्या होत्या, पाणी वगैरे दिलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "तू चोरी केली नाहीस ना, मग घाबरतोस कशाला?" मी थँक्यू म्हणून उठलो, परत गेलो नाही.

१८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून आमच्यासारख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो रद्द झाला १९५२ मध्ये, ३१ ऑगस्टला. माझे आजोबा तेव्हा तरणे होते. पण गावात चोरी झाली की पालावर पोलिसांची गाडी अजून येते. मॅडमना हे माहीत असतं तर तो प्रश्न त्यांनी विचारलाच नसता. निशिगंधाताई, तुमच्या भाचीला एवढंच सांगा, माणूस समोर यायच्या आधी त्याचा इतिहास वाचून ठेव म्हणावं. ती पारधी नसली तरी चालेल.

निशिगंधा_ठाणे

माळावरचा, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, नुसती उठून गच्चीवर गेली.

डॉ_विनू_खानदेश

मी मनोविकारतज्ज्ञ, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात. आजोबांचं "गोळी तीच" हे खरं आहे, पण गोळी लिहिण्याआधी दुखणं कळावं लागतं ना.

चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, माझ्याकडे पावरा आणि तडवी पेशंट येतात. पावरी मला येत नाही. दुभाष्या कोण, तर जो वॉर्डबॉय हाताशी असेल तो. बाई तीन मिनिटं बोलते, तो मला सांगतो, "झोप नाय म्हणते." बाकी दोन मिनिटं पंचावन्न सेकंद कुठं गेली? एकदा त्याच पाड्यावरची आशाताई सोबत होती, तेव्हा कळलं की बाईचं मूल वर्षापूर्वी दगावलंय आणि त्या दिवसापासून तिला चूल पेटवावीशी वाटत नाही. "झोप नाय" वर मी फक्त झोपेची गोळी दिली असती.

तडवी भिल्ल म्हणजे आदिवासीही आणि मुसलमानही. शहरातल्या लोकांना हे एकाच माणसात बसतं हेच ठाऊक नसतं. याच समाजातली डॉ. पायल तडवी २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत शिकत असताना आत्महत्येनं गेली, जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला. प्रकरण कोर्टात आहे, त्यावर बोलत नाही. पण त्यानंतर आमच्याकडे तडवी मुलींचे पालक एकच विचारायचे, "डॉक्टर, मुलीला बाहेर शिकायला पाठवू की नको?" हा प्रश्न कुठल्या आजारात बसवू?

आकडाही देतो, कारण इथं आकड्याशिवाय लोकांना पटत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांत दर शंभरांत साधारण दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर होते. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता.

अनिकेत_सोलापूर

इतक्या वेळ लिहू की नको करत होतो. धर्म-जात नाही, माझं अल्पसंख्य असणं वेगळं आहे. मी गे आहे.

वीस वर्षांचा असताना घरच्यांनी मला ज्या "समुपदेशका"कडे नेलं त्यानं बारा बैठकांचं पॅकेज सांगितलं, "नीट करून देतो" म्हणाला. पैसे आगाऊ. पाचव्या बैठकीनंतर मी घरातून निघून गेलो. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढलीय हे मला कुठं माहीत होतं, त्याला तरी माहीत असायला हवं होतं! आता परिस्थिती थोडी बदललीय. २०१८ मध्ये समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टानं असल्या "दुरुस्ती"ला चाप लावायला सांगितलं, २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण आयोगाचा वचक डॉक्टरांवर. पाटी लावून बसलेल्या समुपदेशकाला कोण विचारणार?

पुण्यात गेल्यावर मला एक ताई भेटल्या. स्ट्रेट, लग्न झालेल्या, पन्नाशीच्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मला यातलं सगळं कळतं असं नाही. चुकले तर सांग." आजीच्या प्रश्नाला माझ्याकडून हेच उत्तर.

दापोलीची_रझिया

अनिकेत, बरं झालं लिहिलंस. आणि पाटीचा मुद्दा अगदी वर्मावरचा आहे. निशिगंधाताई, शिक्षणाबद्दल विचारलं होतंत ना, आता सलग लिहिते, चहा घेऊन बसा.

"क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. तिथं जागा मूठभर, स्पर्धा भयंकर. नुसतं "समुपदेशक" म्हणवायला आजवर काहीच लागत नव्हतं. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून लोक दुकान मांडतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात समुपदेशक आलेत खरे, पण रुळायला वेळ लागेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्यावसायिकांच्या व्याख्येत आम्ही नाहीच. गंमत म्हणजे त्याच कायद्याचं कलम १८ मी रोज वापरते. उपचार देताना धर्म, जात, लिंग, लैंगिकता, वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्याची मराठी प्रत मी पर्समध्ये ठेवते. एका दवाखान्यात नोंदणीवरची बाई माझ्या पेशंटला "ये तुम लोगों का..." म्हणून सुरू झाली, तेव्हा ती प्रत टेबलावर ठेवली. आवाज न चढवता. काम झालं.

भाची एम.ए. आहे, पाया ठीक. आता तिनं वर्षभर तरी कुणा अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करावं. पगार न बघता देखरेख बघावी. मुंबईत शिकण्यासारख्या जागा आहेत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून सुरू केलेलं दिलासा केंद्र आहे, हिंसा सोसलेल्या बायकांसाठी. टाटा इन्स्टिट्यूटनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला-मुलांसाठी विशेष कक्ष काढला, तोही असाच. तिथल्या बायकांनी मला शिकवलं की पोलीस स्टेशनच्या बाकावर, बाजूला वायरलेस खरखरत असताना, माणसाचं ऐकायचं कसं. शांत खोली, टिश्यूचा डबा, कुंडीतलं झाड हे सगळं पुस्तकात असतं.

आता पैसे. मेहुण्यांना सांगा, प्रश्न रास्त आहे. संस्थेचा पगार शाळेतल्या समुपदेशकाच्या आसपास किंवा कमी. कंत्राट अकरा महिन्यांचं. निधी आला तर नवं, नाही तर घरी. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, एका संस्थेनं दुसरीला तो पैसा द्यायचा रस्ता बंद झाला, तेव्हा आमच्यासारख्या छोट्या केंद्रांची पंचाईत झाली. मी तीन महिने बिनपगारी काढले. मग ठरवलं की आठवड्याचे दोन दिवस खासगी. पुण्या-मुंबईतले आयटीवाले ऑनलाइन येतात, तासाला बाजारभावानं देतात. त्या दोन दिवसांवर माझे कौशाचे तीन दिवस चालतात. या पंधरा वर्षांत मी फ्लॅट घेतला नाही, पण मुलीची फी कधी थकली नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच पगारपत्रकात बसत नाही. निधी देणारे विचारतात, महिन्यात किती "सत्रं" झाली? एका मुलीसोबत चार सत्रं झाली. पण तिचं रेशनकार्ड नवऱ्याकडून सोडवायला सहा फेऱ्या, कॉलेजात तिच्या बुरख्यावरून शेरे मारणाऱ्या सरांबद्दल प्राचार्यांकडे दोन, तिच्या भावाला समजवायला चहाच्या टपरीवर एक अख्खी संध्याकाळ. तक्त्यात लिहिलं जातं ४. मी एकदा शेवटी "इतर" असा रकाना वाढवून ९ लिहिलं, तर तक्ता परत आला, नमुन्यात बदल करू नये म्हणून.

आता आजीचा प्रश्न. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या बायका येतात. काही म्हणतात, "तू आपली आहेस, तुला सांगायला नको." काही नेमकं त्याच कारणासाठी मला टाळतात. मुंब्रा छोटं आहे, माझी नणंद त्यांच्या जावेला ओळखते. तलाक, गर्भपात, दारू, मुलगी पळून गेली, हे त्यांना अशा बाईला सांगायचं असतं जी जुम्म्याला भेटणार नाही. त्यांना तुमची डोंबिवलीची भाची हवी आहे.

फक्त भाषा शिकायला हवी. "नैराश्य" हा शब्द माझ्या खोलीत आजवर कुणी उच्चारला नाही. "घबराहट होती है", "दिल बैठा जाता है", "सर पे वजन है", आमच्या कोकणातल्या आजीबाई असल्या तर "जीव घाबराघुबरा होतो". आणि "असर है", "साया है". असर म्हणाली म्हणून लगेच अंधश्रद्धेवर भाषण नको. गुजरातेत उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे, आपल्याकडचेही पुष्कळ जातात. तिथं २००८ पासून "दवा आणि दुआ" चालतं, मुजावर दुआ देतात आणि शेजारी डॉक्टर दवा. मुजावरच सांगतात, जा, गोळी पण घे. मी कौशातल्या दोन मौलानांशी तेवढंच जमवलंय. एकानं आधी पिटाळलं होतं. त्याची स्वतःची बहीण बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली, तेव्हा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

न्यूजर्सीची_मृणाल

सुरेख चर्चा. मी इथं परवानाधारक समुपदेशक आहे. इकडे अल्पसंख्याकांच्या मानसिक आरोग्याला २००८ पासून जुलै महिना दिलाय. बीबी मूर कॅम्पबेल या कृष्णवर्णीय लेखिकेच्या नावानं, तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. आमच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात सामाजिक-सांस्कृतिक विविधता हा विषय सक्तीचा असतो.

पण अभ्यासक्रमानं हुरळून जाऊ नका. याच देशात १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं गुलामांच्या पळून जाण्याला आजार ठरवून लॅटिन-ग्रीक छापाचं भारदस्त नाव दिलं होतं. माळावरचा यांच्या मॅडमचा प्रश्न वाचून मला तोच डॉक्टर आठवला. त्या बिचाऱ्या कनवाळू होत्या, तो नव्हता, पण दोघांनीही दुखणं माणसाच्या आतच शोधलं.

आणि आपले लोक इथं काय करतात तेही सांगते. इथं आपण अल्पसंख्य. मुलाला शाळेत नावावरून चिडवलं तर आई माझ्याकडे येऊन म्हणते, "त्याला सांगा ना, मनाला लावून घेऊ नकोस."

गिरीश_५२

वर +१ दिला होता, तो अर्धा मागे घेतो. आमच्या सोसायटीत भाडेकरू ठरवताना कमिटीत मी होतो. "ओनर बाहेरगावी" हे वाक्य मी स्वतः वापरलंय. याहून जास्त लिहीत नाही.

खडूस_आजोबा

गिरीशराव, आता तुम्ही पण.

माझं मत मी बदललेलं नाही. समुपदेशकानं प्राचार्यांकडे भांडायला जाऊ नये, त्यासाठी वकील आहेत, संघटना आहेत. एकदा भांडणात उतरलात की उद्या त्याच सरांची मुलगी तुमच्याकडे येणार नाही. याचं उत्तर रझियाबाईंनी दिलेलं नाही.

पण तो रकान्याचा किस्सा वाचून सरकारी नोकरीची ३४ वर्षं आठवली. "इतर" मध्ये लिहू नका, "पाठपुरावा भेटी" असं लिहा. पाठपुरावा म्हटलं की कुणी परत पाठवत नाही.

दापोलीची_रझिया

आजोबा, या महिन्यापासून "पाठपुरावा भेटी"च. सलाम.

सरांच्या मुलीचं खरंच उत्तर नाही माझ्याकडे. एवढंच झालंय की मी प्राचार्यांकडे जाते तेव्हा मुलीची लेखी संमती घेऊन जाते, आणि ती नको म्हणाली तर जात नाही. तीन जणी नको म्हणाल्यात. त्यातल्या एकीच्या बाबतीत मी जायला हवं होतं, असं अजून वाटतं.

माळावरचा

रझियाताई, तुम्ही ऑनलाइन बघता का? माझ्या लहान भावासाठी विचारतोय. तो पण पेटी उघडी ठेवतो.

दापोलीची_रझिया

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघ. फीचं नंतर बोलू. मध्यरात्री त्याला फारच जड वाटलं आणि माझा फोन लागला नाही, तर १४४१६ वर लावायला सांग. टेलिमानस आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

निशिगंधा_ठाणे

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बहीण अजून फुरंगटलेलीच आहे. मेहुण्यांनी मात्र "दोन दिवस खासगी" हे वाक्य दोनदा वाचून घेतलं. भाची विचारतेय, रझियाताईंचं केंद्र बघायला येऊ का? गुरुवारी?

दापोलीची_रझिया

गुरुवारी ये म्हणावं, पण दोननंतर. सकाळी त्याच खोलीत बालवाडी भरते, छोट्या खुर्च्या उचलायला मदत लागेल. मुंब्रा स्टेशनच्या बाहेर कौशाच्या शेअर रिक्षा मिळतात. वही आणू दे, लॅपटॉप नको, बायका तो उघडला की गप्प होतात. पहिले दोन महिने तिला कुणाशी बोलायला मिळणार नाही, नुसतं माझ्या शेजारी बसायचंय. तिला हे आधीच सांगा.

निशिगंधा_ठाणे

सांगितलं. म्हणाली, खुर्च्या किती आहेत?